कमलाबाईंची जाळी

१९ मार्च २००६, रविवार
सकाळभर शेडमध्ये. वरच्या मजल्यावरच्या कमलाबाईंच्या देवघराच्या दाराची जाळी. मूळची तंजावरची, त्यांच्या सासूबाईंची. एका झडपेला वाळवी लागली, ती मी नवी करून द्यायची. जूनमध्ये नातवाची मुंज आहे, तोवर.
कागदी नमुना सागाच्या फळीवर चिकटवला. आतले तुकडे आधी काढायचे. ड्रिलने भोक पाडायचं, स्क्रोल सॉचं, म्हणजे नक्षी कापायच्या बारीक करवतीचं, पातं वरच्या चिमट्यातून सोडवायचं, भोकातून ओवायचं, पुन्हा आवळायचं. ताणलेलं पातं नखाने छेडलं की सूर निघतो. स्वयंपाकघरातून सु.: "अहो, अजून चढवा. बेसूर आहे."
तिच्या कानावर माझं काम चालतं.
शेडची खिडकी आणि दार बंद ठेवलं. बाहेर अंगणात कमलाबाईंची वडामं वाळत घातलेली. साबुदाण्याच्या पापड्याच त्या, पांढऱ्या, ओल्या. त्यांवर भुसा उडायला नको.

३० मार्च, गुढीपाडवा
गुढीची काठी गॅलरीच्या गजाला बांधली. शेजारच्या मुलीने विचारलं, "अंकल, युअर साडी इज ड्राइंग?" सु. हसत सुटली.
खोकला आहेच. आमच्या बँकेच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वर एक सिरप मीच दुकानातून आणलं. छाती मोकळी झाली. चांगलं औषध.

९ एप्रिल, रविवार
जाळीचे चार तुकडे काढले. पातं रेघेवरून उजवीकडे सरकतं. आणलं रेघेवर की पुन्हा सरकतं. नवी पाती घातली, तरी तेच.
मास्क लावला तर श्वास वर जाऊन गॉगलवर वाफ धरते. गॉगल लावायलाच हवा, कपची डोळ्यात गेली तर संपलं. म्हणून मास्क काढला. मशिनची छोटी फुंकणी रेघेवरचा भुसा उडवते. उडवते ती माझ्याकडेच.
दुपारी चहा. बशी वाजली. कप खाली ठेवला, थांबली. उचलला, वाजली.

१० एप्रिल
ऑफिसात हिंदी पखवाड्याची फाइल. सही करताना हात बघत राहिलो.
बाबांचा कंपवात असाच सुरू झाला होता. आधी बशी. मग सही. मग शर्टाची बटणं आई लावायची. त्यांचं वय तेव्हा एकसष्ट. माझं अठ्ठावन्न.
सु.ला सांगितलं नाही.

१४ एप्रिल
तमिळ नवं वर्ष. कमलाबाई वरून वाटी घेऊन खाली आल्या. कैरी, गूळ, कडुलिंबाची फुलं. "घ्या हो. अस्कं खायचं, कडू वगळायचं नाही." अस्कं म्हणजे सगळं, त्यांच्या तंजावरी मराठीत. वाटी घेताना त्यांच्या साडीवर दोन थेंब सांडले. त्यांनी पदर झटकला. मी फार बोललो. हवा, पाणी, टँकर.
रात्री जानेवारीचं पान काढून आजच्या पानाशेजारी धरलं. अक्षर लहान झालंय का? बाबांचं शेवटी मुंगीएवढं झालं होतं. लहान वाटतं. मग वाटलं, तेव्हा पेन वेगळं होतं.

१६ एप्रिल, रविवार
मशिन लावलं. दोन इंच कापलं. हात पाहिला. लाकूड दाबून धरलं तर थरथर दिसत नाही, हात उचलला की दिसते. बंद केलं. प्लग काढला. शेडला कुलूप.
खोकला परत वाढला होता. संध्याकाळी गोळी. वर सिरप.

२३ एप्रिल, रविवार
सु. म्हणाली, "आज शेडमध्ये नाही?"
"पाती संपली."
ती चावी घेऊन गेली. डबा घेऊन आली. उघडून माझ्यासमोर ठेवला. पाती भरपूर.
"आता सांगा."
सांगितलं. बाबांचं नाव घेतलं नाही. घ्यावं लागलं नाही. बाबांना शेवटची दोन वर्षं तिनेच भरवलं होतं.
तिने डबा बंद केला. मग म्हणाली, "एकट्याने किती दिवस हे घेऊन बसलात?" आणि उठून गेली. वरण करपलं होतं.

१ मे, सोमवार
मैलापूरच्या न्यूरॉलॉजिस्टबाईंची वेळ मिळाली, बुधवारची दहावी तारीख. सु.ने स्वतः फोन केला. मोडक्या तमिळमध्ये, पण सगळं व्यवस्थित. अठ्ठावीस वर्षं इथे राहून मला इतकं येत नाही.
कत्तिरी, म्हणजे इथला ऐन कडक उन्हाळा, अजून सुरू व्हायची आहे, पण ऊन आत्ताच तसं आहे. अंगणात वडामांच्या आणखी दोन ताटल्या. शेड बंद. भुशाचा वास मात्र येतो.

८ मे
झोप कमी. उद्या परवा करत बुधवार जवळ आला.
डाव्या हाताने दात घासून पाहिले. का, माहीत नाही.

१० मे, बुधवार
घडलं तसं लिहितो.
डॉक्टरबाई पस्तिशीच्या असतील. केसांत मोगरा. आधी चालायला लावलं. वळा. परत या. बोटं टेबलावर आपटा, पटापट. मनगट फिरवलं, कोपर वाकवला. हात मांडीवर सैल ठेवा म्हणाल्या आणि बघत बसल्या. हात गप्प होते. मग पुढे धरायला सांगितले. तेव्हा थरथरले, दोन्ही, सारखेच.
कागदावर गोल गोल काढायला दिलं, आतून बाहेर. मी काढलं. त्यांनी उलटसुलट पाहिलं. "यू ड्रॉ व्हेरी वेल."
मी म्हटलं, रेघेवरून कापायची सवय आहे.
"काय कापता?"
सु.ने सगळं सांगितलं. लाकूड, मशिन, जाळी. मग बाबांचं.
औषधं कोणती? मी म्हटलं, कुठलीच नाहीत.
सु. माझ्याकडे वळली. मराठीत: "आणि त्या खोकल्याच्या गोळ्या काय चणे-फुटाणे आहेत?"
पिशवीतून तिने पाकीट आणि बाटली काढून टेबलावर ठेवली. मला ठाऊकच नव्हतं तिने आणलंय. डॉक्टरबाईंनी बाटलीमागची बारीक अक्षरं वाचली. पाकीट वाचलं. दोन्हींत एकच औषध. किती घेता? खोकला येईल तेव्हा, म्हटलं. किती दिवस? पाडव्याच्या आधीपासून.
त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, श्वासनळ्या मोकळ्या करणारं हे औषध पोटातून घेतलं की हात थरथरतात. तुम्ही दुप्पट घेताय. त्याहून जास्तच. कोणाच्या सांगण्यावरून?
कोणाच्याच नाही.
तुमच्या वडिलांना होतं ते आज मला दिसत नाही. आज. हा शब्द त्यांनी दोनदा म्हटला. औषध थांबवा, छातीच्या डॉक्टरांना दाखवा, महिन्याने या.
बाहेर आलो. लझ कॉर्नरच्या थांब्यावर एक बस सोडून दिली. मग आणखी एक. सु. म्हणाली, "बसा जरा." एका पायरीवर बसलो. तिने फुलवालीकडून मुळंभर, म्हणजे हातभर, मोगरा घेतला. केसांत नाही माळला, हातात धरून बसली. ती रडत होती आणि वर मला म्हणत होती, "चणे-फुटाणे!"

११ मे, गुरुवार
रजा. छातीचे डॉक्टर अड्यारमध्येच. फुंकायला लावलं. विचारलं, धुळीत काम करता? शेड किती मोठी? खिडक्या?
खिडकी बंद असते, म्हटलं.
"वाय?"
वडाम म्हणजे काय, हे त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांच्याही घरी वाळत होती. हसले. मग गंभीर झाले. सागाचा भुसा बारीक असतो, बंद खोलीत श्वासाबरोबर आत जात राहतो. नाक, तोंड झाकणारा घट्ट मास्क हवा. हवा खेळती हवी. तोंडात मारायचा पंप दिला, मोजून.
संध्याकाळी सु. अंगणात गेली. मी मागे. कमलाबाई ताटल्या आत घेत होत्या.
सु. म्हणाली, "काकू, ह्यांनी तुमच्या वडामांसाठी खिडकी लावून घेतली आणि छाती खराब करून घेतली."
कमलाबाईंनी ताटली खाली ठेवली. "कोणी सांगितलें? मी सांगितलें?"
"नाही हो. ह्यांचा हाच सभ्यपणा."
"अय्यय्यो. मी समजले, माझी बडबड ऐकू येऊं नये म्हणून लावतात. तुम्ही पुण्याकडचे, आमची मराठी ऐकून हसूं येत असेल, तर खिडकी लावून हसत असतील." माझ्याकडे बघत: "मी महिनाभर तुमच्याशी रागावून होते. कळलेंच नाही की काय?"
कळलं नव्हतं.
"पावम," त्या म्हणाल्या. त्यांच्या तमिळमध्ये म्हणजे बिचारा. कोणाला उद्देशून ते स्पष्ट होतं.
मग वाद. त्या वडामं गच्चीवर टाकणार. गुडघे चढू देत नाहीत. मी म्हटलं, ताटल्या मी नेतो. "तुम्ही? हात थरथरतात ना?"
सु. मोठ्याने हसली. मग मीही.

१४ मे, रविवार
सकाळी सहा ताटल्या गच्चीवर नेल्या. ताटल्या वाजल्या नाहीत. मुद्दाम एक कप-बशीही वर घेऊन गेलो, पायऱ्यांवर ऐकत.

२१ मे, रविवार
शेड उघडली. खिडकी उघडली. दारही. मागे टेबल फॅन, तोंड बाहेर. मास्क नवा, नाकावर पत्र्याची पट्टी दाबून बसवायचा. गॉगलवर वाफ नाही. पट्टी दाबायची असते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पाकिटावर चित्र होतं.
पातं घातलं, छेडलं. सु.: "आता लागलं."
कापलं. पातं रेघेवरून उजवीकडे सरकलं.
मशिन बंद केलं. हात पुढे धरला. स्थिर. दुसराही.
मग पातं काढून बोट फिरवलं. एका कडेला बारीक खरखर लागते, दुसऱ्या कडेला नाही. हे पातं सरळ चालणारच नाही, खरखरीत कडेकडे ओढणार. लाकूड थोडं तिरपं धरून ढकललं. रेघेवर आलं.
मार्चपासून हाच हात. मार्चपासून हीच पाती. मी एकाकडेच बघत होतो.
मधेच वीज गेली. मशिनचं बटण आधी बंद केलं, मगच हात पात्याजवळ नेला. वीज परत येते तेव्हा सांगून येत नाही.

४ जून, रविवार
जाळीच्या आतले सगळे तुकडे काढून झाले. काठ राहिला. डाव्या हाताची करंगळी सकाळी अधूनमधून हलते. की मला वाटतं. सु.ला सांगितलं. या वेळी लगेच.
"बरं," म्हणाली. "मीही बघते." टक लावून बघितलं. "आत्ता तरी काही नाही. वाटलं तर मला हाक मारा."

१२ जून, सोमवार
डॉक्टरबाई. चालणं, वळणं, बोटं, गोल. मागच्या कागदाशेजारी आजचा ठेवला. आजचं गोल गुळगुळीत. करंगळीचं सांगितलं. त्यांनी बराच वेळ हात पाहिला. मला तरी काही दिसत नाही, म्हणाल्या. वर्षाने या. आधी काही वाटलं तर आधी या.
वर्ष. घरी येताना सु.ला म्हटलं, वर्ष म्हणजे बरंच की.
"तर. आणि खोकल्याचं औषध स्वतः आणायचं नाही, एवढं लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ."

१७ जून, शनिवार
पॉलिश पेपर, मग तेल. मास्क लावूनच. जाळी उन्हाकडे धरली. शेडच्या जमिनीवर तिची सावली पडली. चौदा भोकं. एक जरा वाकडं आहे. सोळा एप्रिलचं असावं.

२५ जून, रविवार
मुंज काल झाली. आज कमलाबाईंनी वर बोलावलं. जुनी झडप आणि नवी झडप शेजारी शेजारी. नवी फिकट दिसते, होईल काळी.
"वाकडं कुठलें आहे दाखवा," म्हणाल्या. दाखवलं. त्यांनी बोट घालून पाहिलं. "सासूबाईंच्या जाळींतही एक आहे. इकडे बघा." होतं खरंच.
मग आत समई लावली, दार ओढून घेतलं. जाळीची नक्षी समोरच्या भिंतीवर उमटली. भिंतभर मोठी. आणि थरथरत होती.
मी हात मागे घेतले होते, ते नंतर लक्षात आलं.
"वारा आहे," सु. म्हणाली.
कमलाबाईंचा नातू खिडकी लावायला उठला, आजीला विचारलं: "पाटी, विंडो क्लोज पण्णट्टुमा?"
"नको रे," कमलाबाई म्हणाल्या, "असूं दे उघडी."
समई विझली नाही. भिंतीवरची नक्षी हलत राहिली. आम्ही तिथेच बसून कॉफी घेतली.