रिकाम्या खुर्चीला प्रश्न विचारता येत नाही

२ डिसेंबर, मंगळवार

चिठ्ठी उचलली — अनुकूल! मानवी हक्क दिनाच्या वादविवाद स्पर्धेचा विषय: 'ज्या देशांत मानवी हक्क पायदळी तुडवले जातात, त्यांनाही आंतरराष्ट्रीय मानवी हक्क परिषदेत स्थान असावे.' म्हणजे ते तिथे असलेच पाहिजेत, हे मी भरल्या सभागृहाला पटवून द्यायचे. मी — जिला मेसमध्ये दुसरी पोळी मागता येत नाही!

स्पर्धेची तयारी करून घेणारे पुंडलिक सर म्हणाले, "स्वतःच्या मतावर जाऊ नकोस, नंदिनी. मुद्द्यांवर जा." दहावीला समुद्रपूर तालुक्यात पहिली आले, तेव्हापासून माझ्या मताची कुणाला गरज पडलेली नाही. सरांनी ते फक्त बोलून दाखवले.

३ डिसेंबर

रक्षाचा फोन जप्त झाला. रक्षा मडावी, माझ्या खोलीतली, कारंज्याकडची. रोज संध्याकाळी व्हरांड्यात उभी राहून आजीशी गोंडीत बोलते. आजीला मराठी येत नाही. आज रेक्टर मंदाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "काय बोलून राह्यली तू, मले समजाले पायजे का नाई? हे हॉस्टेल हाये, जंगल नाई!" आणि फोन थेट त्यांच्या कपाटात.

रक्षा रडली नाही. ते अधिक वाईट. एवढेच म्हणाली, "आजी वाट पाहत असन."

५ डिसेंबर

ग्रंथालयात दिवस गेला. परिषदेत सत्तेचाळीस देश. गुप्त मतदानाने निवडून येतात. इतरांचे हक्क जपण्याची शपथ कोणते देश सर्वांत उत्साहाने घेतात, हे वाचताना हसू आवरेना. ग्रंथपालांनी चष्म्यावरून पाहिले.

इकडे रक्षाने वसतिगृहाच्या तक्रार निवारण समितीकडे रीतसर तक्रार दिली. समितीच्या अध्यक्ष कोण? मंदाबाई! मी पुन्हा हसले. रक्षा हसली नाही.

सरांना भीत भीत विचारले — जिच्याविरुद्ध तक्रार, तिने त्या वेळेपुरते उठायला नको का? सर म्हणाले, "नियमात तसं नाही, बेटा." सरही समितीवर आहेत.

८ डिसेंबर

रक्षापुढे भाषणाचा सराव. "एखाद्याला दाराबाहेर ठेवले, तर तो मोकळा सुटतो. आत बसवले, तर उत्तर द्यावे लागते. रिकाम्या खुर्चीला प्रश्न विचारता येत नाही!" शेवटचे वाक्य मला स्वतःलाच इतके आवडले की दोनदा म्हटले.

रक्षा पलंगावर पाय हलवत ऐकत होती. "मस्त बोलतं वो तू. पण हे तुले पटते का?"

मी सांगितले — माझ्या वाट्याला अनुकूल बाजू आली आहे.

"मंग मंदाबाईच्या वाट्याले कोनती आली?"

१० डिसेंबर, बुधवार

जिंकले!! कुंदन प्रतिकूल बाजूने गरजला, "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!" त्याला टाळ्या पडल्या, मला करंडक मिळाला. पाठ केलेले असले की माझा आवाज थरथरत नाही. रिकाम्या खुर्चीच्या वाक्याला पहिल्या रांगेतून सर्वांत जास्त वेळ टाळ्या वाजल्या. मंदाबाईंच्या.

११ डिसेंबर

मंदाबाई पेढे घेऊन खोलीत. समितीत विद्यार्थिनी प्रतिनिधीची जागा कधीची रिकामी आहे म्हणे. "तुह्यासारखी शांत पोरगी पायजे होती मले." मी हो म्हटले नाही. नाही म्हटले नाही. माझ्या बाबतीत सगळे याला होकारच समजतात.

रक्षाने गळ्यात हात टाकले. "आता तू आतमंदी हायस! विचारजो बरं तिले!" तीन प्रश्न तयार केले. पाठ केले. आरशासमोर म्हटले.

१५ डिसेंबर, सोमवार

बैठक झाली. खुर्च्या तीन — मंदाबाई, पुंडलिक सर, मी. रिकामी एकही नव्हती, म्हणून रक्षा दाराशी उभी राहिली.

ती सगळे नीट बोलली. मग माझ्याकडे पाहिले. तिघेही माझ्याकडे पाहू लागले. मी विचारले, "पंखा बंद करू का?"

बंद केला.

मंदाबाई सरांकडे वळल्या. "मी उठून गेली असती तर इले जाब कोनं देल्ला असता? हे पोरगीच बोलली ना स्टेजवर — रिकाम्या खुर्चीले कोन विचारते!" सर कौतुकाने हसले. माझे वाक्य. श्रेयासहित.

निर्णय: फोन परत. मात्र बोलणे कार्यालयासमोर, स्पीकरवर आणि सर्वांना समजेल अशा मराठीत. इतिवृत्त मीच लिहिले — अक्षर सुंदर आहे ना! शेवटचा शब्द 'सर्वानुमते'. त्यातला रफार फार छान आला.

१६ डिसेंबर

रक्षा कार्यालयासमोर उभी राहून म्हणाली, "आजी, जेवलीस का?" पलीकडून आजी काहीतरी विचारत राहिली. पुन्हा पुन्हा, मोठ्याने, स्पीकरवर — आपण कोणाशी बोलतो आहोत हे आजीला कळेना. मंदाबाई म्हणाल्या, "मराठीत सांग म्हना तिले." रक्षाने फोन ठेवला.

खोलीत आली. मी म्हटले, विचारणारच होते गं, शब्दच फुटेना. ती भिंतीकडे तोंड करून गोंडीत काहीतरी बोलली. मला कळले नाही. मला कळावे असा नियम या खोलीत अजून झालेला नाही.

१८ डिसेंबर

रक्षाने नवी तक्रार दिली. या वेळी माझ्याविरुद्ध. समिती तीच. मंदाबाईंनी अर्ज वाचून दाखवला, तशी मी खुर्चीवरून उठू लागले. त्यांनी मायेने माझा हात धरला.

"बस न बाप्पा. उठाचा नियम कुठी हाये?"

बसले.