आमच्या टीममधला फितूर

४ जानेवारी, सकाळ
नवीन वर्षाचा निश्चय जरा उशिरा करतो आहे, पण पक्का. काळजी करायची नाही. नात कॉलेजच्या सॉफ्टबॉल टीमची पिचर झाली. परवा पहिली मॅच. मी जाणार. आमची ही, म्हणजे नातीची आजी, म्हणाली, तुम्हाला त्यातलं काय कळतं. सातवी शिकलेल्या माणसाला कळू नये असं त्यात काही नाही. नात बॉल टाकते, समोरची बॅटने मारते. बॅटवालीच्या मागे कॅचर बसते, ती बोटांनी खूण करते. एक बोट म्हणजे वेगाचा बॉल, दोन बोटं म्हणजे हळू. हे गुपित नातीने घरात फक्त मला सांगितलं आहे. विश्वास म्हणतात तो हा.

६ जानेवारी
हरलो. जागा मात्र उत्तम मिळाली. मैदानाच्या पार टोकाला, कुंपणालगत, नातीच्या बरोबर पाठीमागे. बॅटवाली नाकासमोर. दुर्बिणीतून कॅचरची बोटं स्पष्ट दिसतात. कॅचर म्हणजे नातीची मैत्रीण, बुटकी. दोन बोटं दिसली की मला बघवत नाही. हळू बॉल म्हणजे आयतं ताट वाढून देणं. मी लगेच टॉवेल तोंडावर घेतो. आज प्रत्येक हळू बॉल कुंपणापार. एक माझ्या चपलेपाशी पडला.

१३ जानेवारी, संध्याकाळ
परत हरलो. एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही. वेगाच्या बॉलला त्या मुली चुकतात, हळू बॉलची मात्र वाट बघत उभ्या राहतात. त्यांना आधीच कळतं. आमच्यात कोणीतरी फितूर आहे. सिनेमाच्या दारावर तिकिटं फाडण्यात माझा जन्म गेला, बिनतिकिटाचा माणूस मी चालीवरून ओळखायचो. हाही सापडेल.
कोच सर नातीला म्हणाले आहेत, आणखी दोन मॅच बघतो, नाहीतर पिचर बदलतो. पोरगी जेवली नाही. मी जेवलो, पण चव लागली नाही.

१५ जानेवारी
फितूर बुटकीच. तिची मावसबहीण पलीकडच्या टीममध्ये आहे, आणखी काय पुरावा पाहिजे. कॉलेजात जाऊन सरांच्या कानावर घातलं. बुटकी व्हरांड्यात उभी होती, तिने वाकून नमस्कार केला. गुन्हेगार नेहमी जरा जास्तच वाकतात.

२० जानेवारी
सरांनी बुटकीला बाहेर बसवलं, दुसरी कॅचर घेतली. तरी धुलाई. मला इतका घाम फुटला की टॉवेल पिळावा लागला. म्हणजे बुटकी निर्दोष. किंवा जाताजाता तिने दुसरीला फितवलं.
मॅच संपल्यावर सर कुंपणापाशी आले. माझ्या खुर्चीत बसून बॅटच्या दिशेने बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, आजोबा, टॉवेल रोज आणता का. म्हटलं, रोज. माझ्या तब्येतीची चौकशी सुनेनेही कधी इतकी केली नाही. माणूस चांगला.

२७ जानेवारी
जिंकलो. बुटकी परत कॅचर. दोन बोटं दिसली, मी तोंड झाकलं, पण बॅटचा आवाजच नाही. टॉवेल काढून बघतो तर बॅटवाली आउट. असं मॅचभर. माझ्या नजरेच्या धाकाने फितूर दबला. नातीची जागा वाचली. मुलींनी माझ्याबरोबर फोटो काढले. सर म्हणाले, फायनललाही इथेच बसा. आज शांत झोप लागणार.

२८ जानेवारी
नातीने सांगितलं, हसत हसत. फितूर मी होतो. समोरच्या मुली बॉल बघायच्या आधी माझा टॉवेल बघायच्या. म्हणून सरांनी खुणा उलट्या केल्या. सगळ्या टीमला सांगितलं, मला सोडून. मी ज्याला हळू समजून तोंड झाकलं तो वेगाचा होता.
नातीला म्हटलं, मला का नाही सांगितलं. म्हणाली, "आबा, सांगितलं असतं तर तुमच्या चेहऱ्यावर दिसलं असतं."
या नातीला सायकल मी शिकवली. पडली तेव्हा घरी मी खोटं बोललो.
सूनबाई म्हणते, बुटकीची माफी मागा. फसवलं मला, आणि माफीही मीच मागू.
फायनलला जाणार नाही. येऊ देत विनवायला.

२ फेब्रुवारी
दिवसभर चांगला शर्ट घालून बसलो. कोणी आलं नाही. उद्या फायनल, सकाळी येतील.

३ फेब्रुवारी, सकाळ
नात उजाडताच गेली. ही बहिणीकडे जाते म्हणाली. टॉवेल सापडत नाही.

३ फेब्रुवारी, संध्याकाळ
कप जिंकला. माझ्या खुर्चीत ही बसली होती. टॉवेल घेऊन. वेगाचा बॉल टाकण्याआधी नात टाचेने माती उकरायची, की हिने तोंड झाकायचं. एवढंच काम. हिला कोण कोणाच्या बाजूने खेळतं तेही ठाऊक नाही. घरी आल्यावर मला म्हणाली, "सोपं आहे हो. तुम्ही उगाच एवढं दमत होता."
पन्नास वर्षांचा संसार, आणि बहिणीकडे जाते म्हणाली.
मी जेवलो नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही. मग उठून जेवलो.

७ फेब्रुवारी
टीमचा फोटो आला. मधोमध कप, कपाशेजारी ही. नातीला विचारलं, मी कुठे आहे. ती म्हणाली, "आबा, तुम्ही घरी होतात ना." बरोबर आहे.
फोटोसाठी खिळा मलाच ठोकायला लावला. ठोकला. मग काढून पुन्हा खाली ठोकला, कारण हिच्या मते पलंगावर पडल्या पडल्या फोटो दिसत नव्हता.