अवसेला थांबलेला मुराळी

प्रिय शुभा,

आधी तक्रार, मग ख्यालीखुशाली. पलंगाच्या मोठ्या चादरीची घडी एकट्या माणसाला घालता येत नाही, ही सूचना चादरीवर छापणं कायद्यानं सक्तीचं करायला हवं. मी सर्व सनदशीर मार्ग अवलंबले. दोन टोकं हनुवटीखाली धरली, तर उरलेली दोन फरशीवर लोळून पुन्हा धुण्याच्या लायकीची झाली. शेवटी एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, तर समोरच्या वहिनी धावत आल्या, "भावजी, सगळं ठीक आहे ना?" गजाला कापड बांधणारा एकटा पुरुष पाहून त्यांना भलतीच शंका आली असावी. त्यांना चहा पाजला. चादर बोचकं करून कपाटात कोंबली आहे आणि कपाटाचं दार आता लागत नाही.

बाकी भोर तुझ्याविना बरं चाललंय, जे मला फारसं आवडलेलं नाही. शनिवारी संध्याकाळी पाय अजून एसटी स्टँडकडे वळतात. नसरापूरवरून येणारी गाडी लागते, माणसं उतरतात, आणि मी उगाच कंडक्टरकडे बघून हसतो. तू उतरायचीस, खांद्यावर ती मळकी पिशवी, अंगाला डेटॉलचा वास, आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "भूक लागलीय, आधी बोलू नकोस." संसार आपण असाच केला, रविवारच्या रविवारी. डॉक्टर शुभाताईंनी वेल्ह्याच्या बायकांसाठी आयुष्य वेचलं, असं प्रत्येक मानपत्रात लिहिलेलं आहे. त्यातलं अर्धं माझं होतं, हे एकानंही लिहिलं नाही. सत्कारात मिळालेल्या शालीसुद्धा तू बाळंतिणींना देऊन टाकल्यास. माझ्या वाट्याला नारळ आले. चटणी मात्र उत्तम व्हायची.

परवा माझ्या स्तंभासाठी एका मंत्र्याची टिंगल करायला बसलो आणि लिहिलं गेलं मुराळ्यांवर. तुझी ती युक्ती मी अजून कुठल्या सरकारी योजनेत पाहिली नाही. वरच्या वाड्यांतल्या सासवा सुनेला बाळंतपणासाठी दवाखान्यात धाडायला तयार नव्हत्या. पहिलं माहेरी होतं, पुढची घरात, आमची न्हाई का झाली, संपला विषय. तू वाद घातला नाहीस. दवाखान्यावरची पाटी उतरवलीस आणि 'माहेर' अशी दुसरी लावलीस. आणि दिवस भरत आले की सुनेला न्यायला माहेरचा माणूस म्हणून मुराळी पाठवायला लागलीस, शिदोरीसकट. दारात आलेल्या मुराळ्याला रिकामं परत धाडणं म्हणजे व्याह्यांचा अपमान, तो कोण करणार? मीही गेलो की कितीदा. टोपी घालून, घोंगडीवर बसून, गुळाचा चहा पीत, ज्या बाईचं नाव मला वाटेत कळलं होतं तिचा भाऊ म्हणून. एका म्हाताऱ्यानं मला नीट न्याहाळून विचारलं होतं, "पावनं, तुमी बामणाचं दिसताय, आमची सून तुमची भैन कशी?" मी म्हटलं, "डॉक्टरीणबाईंना विचारा." तो हसला आणि बोचकं बांधायला सांगितलं. वर तुझी अट अशी, की घराच्या उताऱ्यावर बायकोचं नाव लावून आणल्याशिवाय नवऱ्याला 'माहेर'च्या बारशाचं जेवण नाही. मटणाच्या वासावर किती घरं बायकांच्या नावावर झाली, त्यावर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा.

आणि मग मंगल. तिचं नाव आपण फोनवर घेत नाही, पत्रात घेतो. गेल्या आषाढात दवाखान्याचा ड्रायव्हर धनाजी मुराळी होऊन, जीप घेऊन तिला आणायला गेला, तिची सासू ठकुबाई दारात उभी राहिली. "आज अवस हाय. अवसेला लेकीबाळी उंबऱ्याभाईर काडत न्हाईत. उद्या न्या, म्या कुठं नगं म्हनते?" धनाजीनं तुला फोन केला, आणि तू म्हणालीस, थांब उद्यापर्यंत. मुराळ्यानं रीत मोडली तर पुढच्या दारी त्याला कोण उभं करील, हा तुझा हिशोब होता. रोजच्या दिवशी तो बरोबरच ठरायचा. त्या रात्रीच तिला कळा सुरू झाल्या, पाऊस झाला, ओढ्याला पाणी आलं, जीप अलीकडे राहिली. मंगल वाचली. बाळ वाचलं नाही.

त्यानंतर तू दसऱ्यापर्यंत काम केलंस, एकाही माणसाशी जास्तीचं न बोलता, आणि मग नाशिकला भावाकडे निघून गेलीस. चार दिवस, म्हणालीस. शौनक फोनवर सांगतो, "ताई बरी आहे, बाल्कनीत बसते." मी मनातल्या मनात काय ठरवलं होतं, ते सांगतो. म्हटलं, आता हिला भोरला आणायचं. मागच्या खोलीला रंग दिला, तुझ्या पुस्तकांची फळी भिंतीला मारली, थोडी तिरकी आहे. सकाळी तू पेपर वाचशील, मी चहा करीन, शनिवार आणि मंगळवार यांत काही फरक राहणार नाही. एवढंच हवं होतं गं. फार मोठी मागणी नव्हती.

परवा ठकुबाई घरी आली. वाडीवरून उतरून, दोन गाड्या बदलून, हातात स्टीलचा डबा. खुर्चीवर बसायला तयार नव्हती, जोत्यावरच टेकली. मंगलला आठवा लागलाय. ती म्हणते, डॉक्टरीणबाई असतील तर 'माहेर'ला जाईन, नाहीतर घरातच. नव्या डॉक्टर मुलीवर तिचा भरवसा बसत नाही, आणि पावसात तो ओढा काय करतो ते तुला माहीत आहे. ठकुबाई म्हणाली, "ती डाक्तरीन सोताला दोस देती म्हनं. तिला सांगा, दारात म्या हुबी व्हते, ती न्हवती. आता वाडीतल्या पोरी म्या सोता न्हेऊन घालते, अवस न्हाई का पुनव न्हाई. पर मंगल माजं ऐकंना." मी विचारलं, बाई मुराळी कशी चालेल? "न चालाया काय झालं? पाय हायेत की मला." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "दादा, तुमी आणा तिला. तुमी लई जनींस्नी आणलंय." मी हो म्हटलं. म्हणून हे पत्र. गुरुवारी नाशिकला येतोय, टोपी घालून. नवऱ्यानं मुराळी होणं कुठल्याच रीतीत बसत नाही, आणि मी तुला न्यायला येतोय ते भोरच्या घरीही नाही, वेल्ह्याला. तू नाही म्हणालीस तर शौनकच्या घरचा चहा पिऊन परत फिरेन, वाईट वाटून घेणार नाही. थोडं घेईन. ठकुबाईच्या नाचणीच्या लाडवांतले चार तुझ्यासाठी काढून ठेवलेत. डबा घासून पुसून ठेवला होता, पण तो रिकामा परत द्यायचा नसतो. काल बेसन भाजलं, लाडू वळले, ते बसके झाले, तरी भरले. आज सकाळी टेम्पोवाल्या कुमारबरोबर डबा वाडीवर पाठवून दिला.

तुझाच,
केशव