मुकं लेक्चर

प्रिय ठमाबाई,

फोनवर आपण भांडतो, म्हणून लिहितेय. मागच्या वेळी तू मध्येच फोन ठेवलास, तेव्हापासून घरात चिडायलासुद्धा कुणी नाही. आधी फोन कुणी करायचा यावर आपण दोघी अडून बसलोय.

भांडणाचं मूळ तू मला बनवून दिलेलं ते ऑनलाइन कोर्सचं पान. लेक्चरं रेकॉर्ड कर, प्रोग्राम यंत्राला तपासू दे, आता जरा आराम कर, म्हणालीस. मग विद्यापीठाला माझी गरज काय, असं मी विचारलं, तर तुझं नाक मुरडून झालं. असो. केलं सगळं. आराम राहिला बाजूला, डोक्याला ताप झालाय. एका महाशयाने आकडे क्रमाने लावायचे सोडून, तयार उत्तरं छापणारा प्रोग्राम दिला; यंत्राने दिले पैकीच्या पैकी. आणि एकीने खरंच डोकं लावलं, तर ओळीत एक जागा जास्त सुटली म्हणून तिला शून्य. ती पोरगी माझ्या केबिनमध्ये येऊन रडली. तिचे मार्क मी हाताने बदलले, तर यंत्राने पुन्हा शून्यावर आणले.

मग रिकर्शनचं लेक्चर. फंक्शन स्वतःलाच कसं बोलावतं आणि थांबायचं कुठे ते सांगितलं नाही तर कसं गरगरत राहतं, हे घसा कोरडा करून शिकवलं. पानावर वर्गातल्या सगळ्यांच्या नावापुढे हिरवी खूण: ‘पूर्ण पाहिले’. मी स्टाफरूममध्ये मिरवून आले. काल स्वतः लावून बघते, तर माइकच बंद. तासभर माझे नुसते हातवारे, आणि एवढ्या वर्गात एकालाही काही खटकलं नाही. इतका संताप आला की लॅपटॉप मिटला आणि भांडी घासत बसले.

नंतर पुन्हा उघडला, तर खाली एकच ओळ होती: ‘आवाज येत नाहीये.’ लिहिणारा ‘चाचणी विद्यार्थी’. पान मुलांना कसं दिसतं ते बघायला हे खातं तूच उघडलं होतंस, पासवर्डही तुलाच ठाऊक. नोंदी पाहिल्या, तर बाईसाहेब पहिल्या लेक्चरपासून हजर. हे मुकं लेक्चरसुद्धा शेवटपर्यंत पाहिलेलं. प्रोग्राम लिहिण्यावरच तर तुझं पोट चालतं, रिकर्शन शिकायला तू नक्कीच आली नव्हतीस. मला रडू आलं गं.

म्हणून हे पत्र. लेक्चर पुन्हा रेकॉर्ड केलंय, पण ते वर्गासाठी. तुला मी रविवारी सकाळी फोन करतेय. आधी मीच करतेय, हे लक्षात ठेव, आणि उचल.

तुझीच चिडकी,
आई