सपाटीवरचे दोन खडे

४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आईच्या गुडघ्याचं वाचून काळजी वाटली. तू वाटाड्या, अनोळखी माणसांना दोर बांधून डोंगर चढवतोस आणि घरी आईला दोन पायऱ्या चढू देत नाहीस, याचं हसूही आलं.

आता मुद्द्याचं. आमच्या कचेरीत आपल्या डोंगराचा नवा नकाशा निघतोय. आजवर त्या शिखरापुढे नुसती उंची असायची, कारण आपल्याकडे त्याला नावच नाही, ‘तो’ म्हटलं की भागतं. या खेपेला साहेब हटून बसले, की तू तिथलीच, लोक काय म्हणतात ते लिहून दे. दादा, मी आपल्या धाकट्या भावाचं नाव लिहून दिलं. खाली सहीसुद्धा ठोकली.

एकोणीस वर्षं झाली त्याला त्या डोंगरावर जाऊन. इतकं शोधून हाती काही लागलं नाही, त्याच्या नावाचा साधा दगडही कुठे उभा नाही. निदान नकाशावर तरी तो सापडेल. आईला हे कळलं तर तिला बरं वाटेल, असं मला वाटतं. तू रागावू नकोस.

घरी कधी येतेस हे मात्र विचारू नकोस. कामातून मान वर काढायला फुरसत नाही.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझी,
शाई

१९ ऑक्टोबर

चि. शाईस,
अ. उ. आ.

मार्चमध्ये तुझं पत्र वाचून मी गप्प बसलो, तेच चुकलं.

आपली रीत तू विसरलीस, की विसरायचं ठरवलंस? शिखराखालच्या सपाटीवर पोचलं की प्रत्येकाने एक खडा घ्यायचा, त्याला आपलं नाव सांगायचं, तो तिथे ठेवायचा आणि बिननावाचं वर जायचं. वर कुणी कुणाचं नाव घेत नाही. मास्तर म्हणा, सूनबाई म्हणा. परवा एका दंतवैद्याला मी दिवसभर ‘अहो दातवाले’ म्हणत होतो, तो फुगून बसला. उतरताना आपला खडा आपण उचलायचा. दुसऱ्याने उचलला, तर तो माणूस आता येणार नाही, असं धरतात. म्हणून धाकट्याचा खडा अजून तिथेच आहे. मी रोज त्याच्या शेजारून जातो.

आता तुझा नकाशा घेऊन नवी माणसं येतात. शिखर गाठलं की आनंदाने डोंगराचं नाव, म्हणजे धाकट्याचंच नाव, घेऊन ओरडतात. त्यांचा काय दोष? तीनदा ओरडतात, कडा तीनदा परत देतो. त्यानंतर चौथ्यांदा जे येतं ते हाकेसारखं वाटत नाही, कुणी ओ दिल्यासारखं वाटतं. हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा आई अंगणात कपडे वाळत घालत होती. ओलं धोतर हातात तसंच धरून तिने मान वर केली. तेव्हापासून दुपार झाली की ती खुर्ची टाकून बसते. मंगळवारी तर धाकट्याचे जुने बूट घालून ती निघाली. वळणावर एका मेंढपाळाने तिला अडवून घरी आणलं. ती मला म्हणाली, की एवढी माणसं त्याला शोधताहेत आणि मी आई असून घरी बसू का?

शाई, एक दिवस माझा डोळा चुकवून ती खरंच वर जाईल. मला भीती वाटते. ते नाव काढ.

तुझ्यावरचा जीव होता तेवढाच आहे.
तुझा,
दादा

२७ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नाव काढायचा अर्ज दिलाय. पुढच्या छपाईत पुन्हा नुसती उंची येईल. विकले गेलेले नकाशे मात्र माझ्या हातात नाहीत.

अर्जासोबत दगडांचा अभ्यास करणाऱ्या आमच्या साहेबांचा अहवाल जोडायचा होता, म्हणून तो प्रथमच नीट वाचला. आपला डोंगर म्हणे कधीकाळी समुद्राचा तळ होता, म्हणून त्यात शिंपले सापडतात. कड्याचा खालचा मऊ थर झिजला, वरचा टणक राहिला, त्यामुळे कडा आतून पातेल्यासारखा पोकळ झाला. डोंगराच्या सोंडेवरून हाक मारली तर ती कड्यावर आपटून दरीच्या बाजूने ऐकू येते. धुक्यात वाट शोधणारा माणूस आवाजाकडे चालतो, म्हणून तिथे हाक मारणं धोक्याचं, असं साहेबांनी शेवटी लिहिलंय.

दादा, त्या दिवशी मी घरी नव्हते. अभ्यासाला बसते सांगून मागच्या दाराने निघाले आणि धाकट्याच्या मागोमाग वर गेले. सोंडेवर धुकं आलं, तो दिसेनासा झाला. मी घाबरले. ‘अरे धाकट्या’ म्हणायचं सोडून त्याचं नाव घेतलं, तीनदा. त्याने ओ दिली तेव्हा किती हायसं वाटलं मला! मग पावलं ऐकू आली, माझ्यापासून लांब लांब जाणारी. पुढे काहीच ऐकू आलं नाही. मी ओढ्याच्या वाटेने पळत घरी आले आणि पुस्तक उघडून बसले.

इतकी वर्षं वाटायचं, त्याला माझी हाक नीट ऐकू आली नसेल. त्याला नीट ऐकू आली होती. तो माझ्याकडेच येत होता.

आईला सांगायचं की नाही ते तू ठरव. मला तोंड दाखवायला जागा उरली नाही.

आता लोभाची मागणी कोणत्या तोंडाने करू?
शाई

६ नोव्हेंबर

चि. शाईस,
अनेक आशीर्वाद, माझे आणि आईचे.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवत होतो. ‘त्या दिवशी मी घरी नव्हते’ इथे मी कागद खाली ठेवला. पुढचं आईनेच सांगितलं.

तिला ठाऊक होतं. त्या संध्याकाळी शोधायला निघालेल्यांबरोबर ती सपाटीपर्यंत गेली होती, तेव्हा तिथे दोन खडे होते. एक धाकट्याचा. दुसरा तांबडा, शिंपल्याचा ठसा असलेला. तो तुझ्या कंपासपेटीत असायचा आणि तो फेकून दे म्हणून ती तुझ्या कायम मागे लागलेली असायची. तू ओढ्याच्या वाटेने उतरलीस, तुझा खडा वरच राहिला. मी एवढी वर्षं दोन्ही बघत आलो आणि मला पत्ता नाही! तिने कुणालाच सांगितलं नाही. पोर आपणहून बोलेल, म्हणून ती थांबली होती.

काल ती मला सपाटीवर घेऊन गेली. हो, तीच मला घेऊन गेली, मी नुसता हात धरला. सहा वेळा बसली. धाकट्याचा खडा तिने स्वतः उचलला, पदरात घेतला आणि मोठ्याने रडली. मीही रडलो. आता तो खिडकीत आहे. हाका अजून येतात, शेवटची ओसुद्धा येते. आईचा हात कपड्यांच्या दोरीवर थबकतो, पण ती अंगणाबाहेर जात नाही.

तांबड्याला तिने मला हात लावू दिला नाही. तो शाईचा आहे, तिचा तिलाच उचलू दे, म्हणाली. त्याच्याभोवती वाढलेलं गवत तेवढं तिने माझ्याकडून उपटून घेतलं.

वाट पाहतो आहोत, दोघंही.
तुझा,
दादा