परतीचं पाकीट

सोमवार, ३ ऑगस्ट १९९८
आजपासून मी नाशिककर! सकाळी सातच्या एस.टी.ने नामपूर सोडलं आणि साडेदहाला सीबीएस स्टँडवर उतरलो. वय सत्तेचाळीस, शिक्षण सातवी, नोकरी दिवाळी अंकाच्या कचेरीत कथा वाचायची. काल-परवापर्यंत दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस आता लोकांच्या कथा पास-नापास करणार. शुद्धलेखन मला कुणी शिकवलं नाही. म्हणूनच ते पक्कं आहे.

संपादक मोतीरामअण्णांना आज प्रथमच पाहिलं. अकरा वर्षं मी त्यांना दरसाल एक कथा धाडतोय. अकराही साभार परत आल्या, पण प्रत्येकीसोबत हातानं लिहिलेलं पत्र: 'काळजीपूर्वक वाचली. लिहीत राहा.' शिवाय माझी एक खूण आहे. सहावा आणि सातवा कागद भाताच्या एका शिताने कोपऱ्यात चिकटवून पाठवायचा. परत येताना सुटलेला असला, तर कथा वाचली. अकराही वेळा सुटलेला होता. एवढ्या आधारावर मी अकरा नकार पचवले.

बारावी कथा आज हातोहात दिली. अण्णांनी ती नाकाशी नेऊन हुंगली. कागदावर केवढं प्रेम! मग परतीचं पाकीट कुठाय म्हणून विचारलं. नियम जुनाच आहे: तिकीट लावून, पत्ता लिहून पाकीट जोडलं नाही, तर लेखन परत मिळत नाही. मी ताठ मानेनं सांगितलं, ही परत न्यायला आणलेली नाही. अण्णा हसले. बरं, मग राहू द्या, म्हणाले.

बुधवार, ५ ऑगस्ट
कचेरी अशोकस्तंभाजवळ, पहिल्या मजल्यावर. मागची खोली मला राहायला. टेबल सागवानी, खुर्चीचा डावा हात सैल, पाठीशी लोखंडी कपाट. पेन्सिलींना टोकं काढून उंचीप्रमाणे मांडल्या. झाडलोट करणाऱ्या भागुबाई ते पाहून हसल्या. म्हणाल्या, आधीचे भिकाभाऊ बी असंच करायचे, तुम्ही लिहिणारे म्हंजे एका साच्यातले गणपती! हे भिकाभाऊ पेठ गावचे. त्यांच्या चपला अजून टेबलाखाली आहेत. अनवाणी गेले की काय, असं विचारलं. गेले असते तर घालूनच गेले असते ना, म्हणत त्या बादली घेऊन निघून गेल्या.

शनिवार, ८ ऑगस्ट
अण्णांनी आपण होऊन सांगितलं, बारावी वाचली. सातव्या पानावर डोळे भरून आले. घेणार आहेत! घरी पत्र लिहायला बसलो.

दुपारी एक ते चार कचेरी बंद असते. मी एकटाच होतो. कपाटात पान उलटल्याचा आवाज आला. उंदीर असावा.

मंगळवार, ११ ऑगस्ट
उंदराचा बंदोबस्त करावा म्हणून कपाट उघडलं. उंदीर नाही, लेंड्याही नाहीत. सुतळीने बांधलेली चार हस्तलिखितं, एकालाही पाकीट नाही. सगळ्यात वर माझी बारावी. सहावा-सातवा कागद चिकटलेलाच. शीत जसंच्या तसं.

डोळे भरून आले म्हणे!

तोंडावर विचारलं. अण्णा शांतपणे म्हणाले, बारा वर्षं झाली, त्यांना अक्षर दिसत नाही. माझ्या अकराही कथा भिकाने वाचल्या, पत्रंही त्यानंच लिहिली. तो कुठं गेला? कुठं जाईल, अण्णा म्हणाले, त्यानंही पाकीट जोडलं नव्हतं.

अकरा वर्षं ज्या माणसाला गुरू मानलं—

गुरुवार, १३ ऑगस्ट
नोकरी सोडणार. बारावी परत घ्यायला कपाट उघडलं. तिच्याखाली भिकाचं बाड. अक्षर तेच, माझ्या अकरा पत्रांचं. शेवटच्या ओळीला बोट लागलं, शाई ओली होती. 'तुमची बारावी घेतली आहे. सहाव्या पानापर्यंत आलो.'

कथा तशीच टाकून बाहेर आलो. कपाटाला कुलूप लावलं.

शुक्रवार, १४ ऑगस्ट
सकाळी अंगठा आणि तर्जनी चिकटलेली. मध्ये शीत. मी आठ दिवसांत भात खाल्लेला नाही.

पिशवी घेऊन स्टँड गाठला. गाडी लागली होती. कंडक्टरने विचारलं, कुठं जायचं. आठवेना. अकरा पाकिटांवर स्वतःच्या हाताने लिहिलेला पत्ता— गावाचं नावसुद्धा. या वहीचं पहिलं पान उलटून बघायला गेलो, तर ते पुढच्याला चिकटलेलं. ओढलं तर फाटेल.

परत कचेरीत. दुसरीकडे कुठं—

शनिवार, १५ ऑगस्ट
शाळेतून झेंड्याची गाणी. भागुबाई माझ्या खुर्चीभोवतीच झाडून गेल्या, माझ्याकडे न बघता. हाक मारली. ऐकली नाही. माझ्या चपला उचलून भिकाच्या शेजारी ठेवल्या. जिन्यात अण्णांना म्हणाल्या, हे बी गेले वाटतं.

अण्णा म्हणाले, नवीन माणूस सोमवारी येतोय. इगतपुरीचा. दरसाल कथा धाडतो.

दुपार
डावी पापणी उघडत नाही. कोपऱ्यात शीत.

अंधार आहे. सुतळी काचते. कुलूप मीच लावलं होतं, बाहेरून— मग मी—

भिकाभाऊ फार सावकाश वाचतात. काळजीपूर्वक. अण्णांनी माझी एक ओळही वाचली नाही. हे एकही सोडत नाहीत.

इगतपुरीकर, पाकीट जोडा. तिकीट लावा, पत्ता नीट लिहा, पिनकोडसह—

पापणीच्या कोपऱ्याला भिकाभाऊंचं नख लागलं. सुटतं—