पहिल्याच पानावर वारलेली मावशी

चि. भाचेबुवांस,

तुझ्या पहिल्याच पानावर वारलेल्या मावशीचे अनेक आशीर्वाद. माझी तब्येत त्या मानाने बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण मेलेल्या बाईला इतपत चालता येतं हेही थोडं नाही. तुझा खोकला कसा आहे? आईला सांग, माझ्यासाठी रडत बसू नकोस, मी दुकानातच आहे.

तुझं पुस्तक आल्यापासून तुला लिहीन म्हणत होते, पण लोक सवड देतील तर ना. शेजारचे चपलांचे दुकानदार पहिलं पान वाचून (पुढचं ते कधीच काही वाचत नाहीत) सुतकी चेहरा करून भेटायला आले. मी फ्रेमची काच कापत होते. मला बघून त्यांचा असा काही विरस झाला की मलाच वाईट वाटलं. जाताना त्यांनी आमच्या दुकानाची रुंदी नजरेनं मोजून घेतली, तेही मी पाहिलं. असो. मरणाबद्दल माझी तक्रार नाही. फ्रेमचं दुकान चालवणाऱ्या नवरा-बायकोवर तू कादंबरी लिहिलीस, त्यातल्या मावशीला मारलंस, लेखकाला तेवढी मुभा असते. मला फक्त एकच बघायचं होतं, तुझ्या काकांचं तू काय केलंस. त्यांना जाऊन वर्ष होत आलं. मला त्रास नको म्हणून घरात कुणी त्यांचं नाव काढत नाही. (त्रास त्याचाच होतो, पण सांगणार कुणाला?) म्हटलं, पुस्तकात तरी भेटतील.

भेटले की. पण कसे? दुसऱ्या प्रकरणात टक्कल पडलेले, तिसऱ्यात शाळेच्या बाकावर उभे, चौथ्यात दवाखान्यात. तिथे ते गेले. मी पोटभर रडले, नाक पुसलं, पान उलटलं, तर हे भाड्याच्या सायकलवरून शीळ घालत येतायत. माझं रडणं फुकट गेलं. मी तडक वाचनालयात जाऊन ग्रंथपालबाईंना विचारलं की छापखान्यात काही घोटाळा झालाय का. त्या माझ्याकडे दयेनं बघून म्हणाल्या, की आजचे कादंबरीकार काळाशी खेळतात. म्हणजे कुणी अख्खं पुस्तक एका दुपारीच संपवतो, कुणी दूध तापेपर्यंत तीन पिढ्या उरकतो (दूध उतू गेलं असणार, त्याचं कुणी लिहीत नाही), कुणी शेवटापासून सुरुवात करतो, कुणी तोच दिवस पुन्हा पुन्हा सांगतो. तसं तर आमचे चपलावालेही तोच किस्सा पुन्हा पुन्हा सांगतात, त्यांना अजून कुणी शाल घातलेली नाही. मी बाईंना म्हटलं, काळ आमच्याशी खेळतो ते चालतं, मग त्याच्याशी कुणी खेळलं तर माझी हरकत नाही, पण खेळ झाल्यावर पसारा आवरून ठेवायला नको का?

तो पसारा शेवटी मीच आवरायला घेतला. फोटोभोवतीचा माउंटचा पुठ्ठा कापायच्या सुरीनं पुस्तकाची शिवण उसवली, सगळी प्रकरणं मोठ्या टेबलावर पसरली आणि वर्षांप्रमाणे ओळीनं लावली. हात शिवशिवत होते म्हणून कडाही साफ छाटल्या. (पानांचे आकडे त्या कडांवरच असतात, हे नंतर लक्षात आलं.) काही पानांवर एक प्रकरण संपून पाठीमागे दुसरं सुरू होत होतं, त्यामुळे पुढून मी साठीची आणि मागून एकोणीस वर्षांची. आरशातसुद्धा इतका फरक दिसत नाही.

मग चहा घेऊन निवांत वाचायला बसले. सगळं अगदी शहाण्यासारखं झालं. दुकान उघडलं, भांडणं झाली, केस पिकले, काका गेले, मग मी गेले, संपलं. अरे, ओळीनं लावलेल्या पुस्तकात ते गेले की पुन्हा येतच नाहीत. तसलं तर मला घरी रोजच मिळतं, त्यासाठी कादंबरी कशाला वाचायची? तू लावलंस तेच बरोबर होतं, हे लिहिताना मला फार जड जातंय, तेव्हा पुन्हा लिहायला लावू नकोस.

म्हणून तुझ्या पद्धतीनं परत लावायला घेतलं. गठ्ठ्यांवरची वजनं उचलली, आणि उकडतंय म्हणून पंखा लावला. पुढचं सांगत नाही. काका काही वेळ कपाटावर होते.

सर्वांना आशीर्वाद. खोकल्याकडे लक्ष दे.

तुझी, हे लिहीपर्यंत हयात असलेली,
मावशी

ता. क. एक नवी प्रत ताबडतोब पाठव. तू सही करून दिलेली प्रत कपाटात सुखरूप आहे, तिला सुरी लावायला मी काय वेडी आहे? उसवलेली प्रत वाचनालयाची होती. बाईंना कळायच्या आत पाठव.

पुन्हा ता. क. उसवलेल्या पानांपैकी तुझं शेवटचं पान मात्र मी जपून ठेवलंय. दुकान उघडायच्या दिवशी काका स्टुलावर चढून पाटी धरतात आणि मला विचारतात, "अगं, सरळ आहे का? सांग ना लवकर, हात दुखायला लागले." तिथेच तू पुस्तक थांबवलंस. ते पान मी फ्रेम करून गल्ल्यामागे लावलंय. गिऱ्हाइकं विचारतात, विकायचं आहे का. नाही म्हणते.

शेवटचा ता. क. तू दुसरा भाग लिहितोयस असं आईकडून कळलं. मला हवं तितक्या वेळा मार. पण त्या पाटीच्या प्रश्नाला माझ्या तोंडी उत्तर घालू नकोस. उत्तर दिलं की ते खाली उतरतील. हात दुखत असतील त्यांचे, दुखू देत.